पहिले सहाशे मीटर

शर्यतीचा घोडा मी कधी पाहिलेला नव्हता.
हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही मला
कुणा जॉकीची बायको समजाल.
मी साखर पेठेतली, टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिते.
चोवीस माग, त्यातले सहा बंद,
आणि सुताच्या पोत्यांवर ठेवलेला एक लॅपटॉप.
त्यात दिरानं पुण्याहून येऊन तो प्रोग्रॅम घातला.
"वहिनी, आकड्यांवर तुझा हात बसलाय.
तू फक्त वेळा भर. लावायचं मी बघतो."

भरत गेले.
पहिले सहाशे मीटर: पस्तीस पूर्णांक चार.
शेवटचे दोनशे: तेरा पूर्णांक एक.
वजन, गेट, माती किती ओली.
मग प्रत्येक घोड्याची एक रेघ उमटायची,
कुठे लाल, कुठे पिवळी, कुठे विझत आलेली,
आणि मी कडक भाकरीवर शेंगाचटणी घेऊन
बघत बसायचे, कोण कुठे दमतं.

हे मला नवं नव्हतं.
आमच्या बुचम्मा मावशी पाठमोऱ्या उभ्या राहून
धोट्याच्या आवाजावरून सांगायच्या,
सातव्या मागाचा दोरा आता तुटणार.
तुटायचा.

पुढे पळणारे तिघं एकाच शर्यतीत आले
तर एकमेकांना जाळतात,
आणि मागून गुमान येणारा चौथा घेऊन जातो.
दीर म्हणाला, सगळा धंदा एवढाच.
मी म्हटलं, अक्कलकोट रोडवर ये,
कर्ज काढून माग टाकणारे तिघं भाऊ दाखवते.
चौथा कोण, तेही दाखवते.

त्यात एक घोडी होती, सॅटिन व्हिस्पर.
मी साटीन म्हणायचे.
राखी रंग, वय सहा.
पहिले सहाशे कुणाला पुढे जाऊ द्यायची नाही
आणि शेवटच्या दोनशेत
हातातून तागा सुटावा तशी सुटायची.
अकरा शर्यती. एक जिंकली,
ती हजार मीटरचीच होती म्हणून.
"हिच्यावर कधी लावायचं नाही," दीर म्हणाला.
नाहीच लावलं.
पण रोज आधी तिचीच रेघ उघडायचे.

फेब्रुवारीत तिचं नाव यायचं थांबलं.
मी दोनदा शोधलं.
'माहिती उपलब्ध नाही.'

मे महिना. रात्रीचे आठ, तरी डांबर तापलेलंच.
कन्ना चौकातून गज्जमांच्या मुलाचा परण्या निघाला.
डोक्यावर दिवे घेतलेली पोरं, मागे जनरेटरचा गाडा,
आणि ताशावर पहिली काठी पडली
तशी घोडी निघाली.
बँड मागे राहिला. करवल्या मागे राहिल्या.
रफिकभाई लगामाला लोंबकळतोय,
नवरदेव एका हातानं बाशिंग धरतोय,
दुसऱ्या हातानं घोडीची मान,
सगळा चौक हसतोय,
आणि माझ्या अंगठ्यानं
फोनमधलं घड्याळ कधी चालू केलं, मला कळलं नाही.

कार्यालयाच्या अलीकडे थोडा चढ आहे.
तिथे तिची मान खाली गेली.
मी ती मान शंभर वेळा पाहिली होती,
रेघेत.

नवरदेव मुहूर्ताच्या पाऊण तास आधी पोचला.
भटजी अजून आले नव्हते.

"पुण्याची आहे," रफिकभाई घाम पुसत म्हणाला,
"पूर्वी पळायची म्हणे. कागद नाहीत.
आम्ही शबनम म्हणतो."

राखी घोड्या काय जगात कमी आहेत?
दीर फोनवर हसला,
"वहिनी, आता दमण्यावरून घोडं ओळखणार तू?"

आहेराच्या टेबलावरून गुळाचा खडा उचलून आणला.
तिनं ओठांनी अलगद घेतला, तळवा ओला केला.
बरगड्यांवर हात ठेवला.
भरतीच्या झुलीखाली भाता चालला होता.
मी मोजायला लागले,
एक, दोन, तीन,
एकोणीसवर रफिकभाईनं लगाम ओढला.
"ताई, जरा बाजूला व्हा.
हिची अजून दोन लग्नं आहेत आज."